ब्लॉकचेन मतदान
ब्लॉकचेन मतदान : मतांच्या नोंदी सांकेतिक दुव्यांनी एकमेकींशी जोडून त्यांच्या प्रती अनेक संगणकांवर जतन करणारी इलेक्ट्रॉनीय मतदानपद्धती. एखादी नोंद मागाहून बदलल्यास तिच्यापुढील दुवे जुळेनासे होतात व फेरफार उघडकीस येतो, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय.

मत गुप्त राहावे आणि तरीही मोजणीची खात्री पटावी, या दोन गरजांतील विरोध जुना आहे. ब्रिटनमध्ये पूर्वी संसदीय निवडणुकीत मतदार उमेदवाराचे नाव उघडपणे सांगत व ते वहीत नोंदले जाई. मोजणी कोणालाही पडताळता येई. परंतु कुळांवर जमीनदारांचे दडपण येई. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ मध्ये गुप्त मतदान स्वीकारले. ब्रिटनने १८७२ च्या कायद्याने त्यांचे अनुकरण केले.

संगणकयुगात हाच प्रश्न नव्या रूपात पुढे आला. डेव्हिड चॉम या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये संदेश पाठविणाऱ्याची ओळख लपविणारी सांकेतिक पद्धती मांडली व निवडणुकीतील तिचा उपयोगही सुचविला. स्ट्युअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये दस्तऐवजांची कालनोंद साखळीने जोडण्याची कल्पना मांडली. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधातून बिटकॉइन हे चलन जन्मास आले आणि साखळीचा वापर इतर क्षेत्रांतही सुचविला जाऊ लागला.

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २०१८ मध्ये परदेशस्थ सैनिक व नागरिक यांच्यासाठी भ्रमणध्वनीवरून असे मतदान योजिले. १४४ जणांनी त्याचा लाभ घेतला. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी २०२० मध्ये त्या प्रणालीत गंभीर उणिवा दाखविल्या : भ्रमणध्वनीवर ताबा मिळविणाऱ्यास मत पाहता किंवा बदलता येणे शक्य होते. मॉस्को नगर दूमाच्या २०१९ मधील निवडणुकीपूर्वी प्येरिक गोद्री या फ्रेंच संशोधकांनी तेथील सांकेतिक किल्ली साध्या संगणकावर सुमारे २० मिनिटांत फोडता येते, असे सिद्ध केले. त्यानंतर किल्लीची लांबी वाढविण्यात आली. भारतात तेलंगण राज्यातील खम्मम येथे ऑक्टोबर २०२१ मध्ये भ्रमणध्वनीवरील चाचणी मतदान झाले; त्यातही ब्लॉकचेनचा अवलंब केला होता.

वरील दोन्ही उणिवा साखळीच्या नव्हेत, ही बाब महत्त्वाची आहे. साखळी झालेली नोंद जपते. नोंद होण्यापूर्वीच मत बदलले गेले असल्यास ती चुकीची नोंदही तितक्याच निष्ठेने जपली जाते. शिवाय नोंदी कायम राहत असल्याने आजची सांकेतिक भाषा भविष्यात फुटल्यास जुन्या मतांची गुप्तता धोक्यात येते. घरून मत देणाऱ्यावरील कौटुंबिक वा आर्थिक दडपणही साखळीला रोखता येत नाही. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवरून मतदान होते. तेथे मतदारास आपले मत पुन्हा देता येते व अखेरचे मत ग्राह्य धरतात, हा या दडपणावरील एक उपाय होय.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१८ च्या अहवालात ब्लॉकचेनमुळे निवडणूक-सुरक्षेचे मूलभूत प्रश्न सुटत नाहीत, असा निष्कर्ष काढला व मानवास वाचता येणाऱ्या कागदी मतपत्रिकांची शिफारस केली. मतदाराने स्वतः पाहिलेला कागद हा पडताळणीचा आधार मानण्याकडे तज्ञांचा कल आहे.