आकड्याला अर्थ कोण देतो? परवानग्यांच्या यादीचा इतिहास

१/ कोणत्याही संगणकप्रणालीत 'कोणास काय करण्याची मुभा आहे' ही नोंद बहुधा दोन ठिकाणी असते. कोडमध्ये ती नावाने असते, डेटाबेसमध्ये अनेकदा आकड्याने. कोड म्हणतो 'संपादक', डेटाबेस म्हणतो '२'. या दोहोंची सांगड तुटली, तर एकाचे अधिकार दुसऱ्याच्या हाती जातात. ही सांगड कशी घडत गेली, ते पाहू.

२/ १९७० साली झुरिचच्या ईटीएच या संस्थेत निक्लाउस विर्थ यांनी पास्कल ही भाषा सिद्ध केली. तिच्यात प्रोग्रामरने केवळ नावांची यादी द्यावी: पाहुणा, वाचक, संपादक, प्रशासक. त्यांना ०, १, २, ३ हे क्रमांक भाषाच देई. अशा यादीला पुढे 'एनम' हे नाव रूढ झाले. कोड वाचनीय झाला. मात्र नावाचा क्रमांक यादीतील त्याच्या जागेवर अवलंबून राहिला.

३/ त्याच वर्षी, जूनमध्ये, आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांचा निबंध प्रसिद्ध झाला. माहिती तक्त्यांच्या रूपात मांडावी, हा त्याचा गाभा. तत्कालीन प्रणालींचे तीन दोष त्यांनी दाखवले. त्यांतील पहिला म्हणजे साठवणुकीच्या क्रमावरील परावलंबन. क्रम बदलला म्हणून प्रोग्राम कोसळता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता.

४/ म्हणजे एकाच वर्षी दोन विचार जन्मले: एकाने क्रमातून अर्थ निर्माण केला, दुसऱ्याने क्रमावर विसंबू नका असे बजावले. दोघांची गाठ पुढे पडायची होती.

५/ युनिक्सने तिसरीच वाट धरली. तिथे वाचण्यास ४, लिहिण्यास २ आणि चालवण्यास १ हे आकडे कायमचे ठरलेले. ७ म्हणजे तिन्ही मुभा, ५ म्हणजे वाचणे व चालवणे. आकडा यादीतील जागेवरून येत नाही, म्हणून तो सरकतही नाही.

६/ १९७६ मध्ये आयबीएमच्याच 'सिस्टिम आर' प्रकल्पातील पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी परवानगी देण्याची व काढून घेण्याची पद्धत मांडली. त्या परवानग्यांची नोंदही तक्त्यांतच होई. अधिकार हीदेखील एक माहितीच ठरली.

७/ १९९२ मध्ये अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेतील डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी भूमिकाधारित नियंत्रणाची मांडणी केली. परवानगी व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावी आणि व्यक्तीला भूमिका द्यावी. २००४ मध्ये याच विचाराचे अमेरिकी मानक झाले.

८/ त्याच २००४ साली जावा भाषेत एनम आले. २००६ च्या 'जावा पर्सिस्टन्स' या मानकाने एनम थेट तक्त्यात साठवण्याची सोय केली. वेगळे सांगितले नाही, तर साठतो तो यादीतील क्रमांक! विर्थ आणि कॉड यांच्या विचारांची गाठ पडली, ती अशी.

९/ आता कल्पना करा. कोणी 'पाहुणा' हे नाव निरुपयोगी म्हणून यादीतून काढले. डेटाबेसमधील जुने आकडे तसेच राहिले. कालचा वाचक (१) आज संपादक झाला आणि संपादक (२) प्रशासक. खऱ्या प्रशासकाच्या ३ या आकड्याला मात्र नावच उरले नाही. तोच तेवढा दाराबाहेर राहिला. इतरांच्या बाबतीत तक्रार करायला यंत्राकडे कारणच नाही, कारण १ आणि २ हे आकडे वैधच आहेत.

१०/ उपाय साधे आहेत. आकड्याऐवजी नाव साठवावे. मग क्रम बदलला तरी बिघडत नाही, फक्त नाव बदलताना जुन्या नोंदीही बदलाव्या लागतात. किंवा युनिक्सप्रमाणे प्रत्येक नावाला स्वतः आकडा नेमून द्यावा आणि काढलेला आकडा पुन्हा वापरू नये. भूमिकांचा स्वतंत्र तक्ता ठेवावा आणि प्रणाली सुरू होतानाच कोडमधील यादी त्याच्याशी ताडून पाहावी; विसंगती दिसली, तर प्रणाली सुरूच होऊ देऊ नये.

११/ आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो; तो कुठेतरी लिहून ठेवावा लागतो. जिथे तो केवळ रांगेतील जागेवर सोपवला जातो, तिथे रांग हलताच अधिकारही हलतात. कॉड यांचा १९७० मधील इशारा साठवणुकीच्या क्रमाविषयी होता. अधिकारांच्या यादीलाही तो तितकाच लागू पडतो.