ताटातील भांडवल
सेवेच्या आरंभी एका टिपणीत मी आहार योजनेला ‘अनुत्पादक खर्च’ म्हटले होते. अर्थशास्त्राची पदवी तेव्हा ताजी होती. पुढे इतिहास वाचला. मद्रास राज्यात कामराज यांनी १९५६ मध्ये शाळांत मध्यान्ह भोजन सुरू केले. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी, उधळपट्टीची टीका सोसून, ते व्यापक केले. केंद्राची योजना १९९५ मध्ये आली; पण बहुतेक राज्यांनी कोरडे धान्यच वाटले. घरी गेलेले धान्य साऱ्या कुटुंबात विभागले जाते. अखेर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. अंदाजपत्रकात आजही रस्ता भांडवली आणि भात महसुली खर्चात मोडतो. मात्र वाढीच्या वयात हुकलेला घास कोणत्याही पुरवणी मागणीने भरून निघत नाही.