पाटा तुटला, स्प्रिंग तुटली: गाडीच्या पुढच्या चाकावरचा दोनशे वर्षांचा भार

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात, बर्फ धरू नये म्हणून. अशा रस्त्यांवरून वर्षानुवर्षे माल वाहणाऱ्या एखाद्या व्हॅनचे सुकाणू एके सकाळी वळवताच पुढच्या चाकाजवळून ‘टंग’ असा आवाज येतो. गाडी मात्र चालत राहते. चालक दुर्लक्ष करतो. पुढे कधीतरी वार्षिक तपासणीत गाडी खड्ड्यावर उभी केली की तपासनीसाला दिसते: पुढच्या कॉइल स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा तुटून पडलेला आहे आणि उरलेले टोक टायरपासून बोटभर अंतरावर आहे. ते टोक भर वेगात टायरमध्ये घुसले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको.

स्प्रिंगचे पोलाद हे माणसाने बनवलेल्या सर्वांत चिवट पोलादांपैकी एक. मग ते तुटते कसे? आणि पूर्वी तुटे तेव्हा लोक काय करीत? या धाग्यात त्याचा मागोवा.

आरंभ बग्गीपासून. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनचा गाडी बनवणारा कारागीर ओबादाया एलियट याने लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. त्याआधी घोडागाडीच्या पुढच्या व मागच्या आसांना जोडणारा एक जाड लाकडी दांडा गाडीखाली असे. एलियटच्या रचनेत पाटे थेट आसावर बसले, दांड्याची गरज संपली, आणि गाड्या हलक्या व बुटक्या झाल्या. पोलादाच्या लांब-आखूड पट्ट्या एकावर एक रचायच्या, मधोमध बोल्टने आवळायच्या, आणि त्या कमानीवर गाडी तोलायची, एवढीच ती युक्ती. आपल्याकडे ट्रकचालक आजही तिला ‘पाटे’च म्हणतात.

या रचनेचा खरा गुण तिच्या तुटण्यात आहे. दहा पट्ट्यांतली एक तुटली तर तिचा भार उरलेल्या नऊ वाटून घेतात. गाडी एका बाजूला किंचित झुकते, कुरकुरते, पण घरी पोहोचते. अपवाद ‘मेन पाट्या’चा. सर्वांत लांब असलेल्या या पट्टीच्या टोकांना डोळे वळवलेले असतात आणि त्यांतूनच आस गाडीला जखडलेला असतो. पुढच्या चाकाचा मेन पाटा डोळ्यापाशी तुटला की आस तिरका सरकतो आणि सुकाणू हाती असूनही गाडी आपल्या मनाने चालू लागते. तेव्हा आस आणि चेसिस यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा घालायचा, साखळीने किंवा दोराने घट्ट आवळायचे आणि पायी चालल्यासारखे गाव गाठायचे, हा जगभरच्या गाडीवाल्यांचा उपाय. पुढचे काम लोहाराचे. तो पट्टी तापवी, ऐरणीवर कमान देई, पोलादाला पाणी पाजी. तुटलेल्या वस्तूची दुरुस्ती ती बनवणाऱ्याच विद्येने होत असे.

मात्र पोलाद का तुटते, हे लोहाराला ठाऊक नव्हते. ते कळायला एक भीषण अपघात व्हावा लागला.

८ मे १८४२. व्हर्सायच्या उद्यानातला उत्सव पाहून लोक आगगाडीने पॅरिसला परतत होते. इंजिनाचा आस मोडला, मागचे डबे त्यावर चढले आणि आग लागली. डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद होती. पन्नासहून अधिक माणसे गेली. दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवरून जिवंत परतलेला फ्रेंच दर्यावर्दी द्यूमाँ द’उर्व्हिल पत्नी व मुलासह त्यात होता. आस तर त्यापेक्षा कितीतरी अधिक भार पेलण्याइतका जाड होता. मग तो मोडलाच कसा, या प्रश्नाने युरोपातल्या अभियंत्यांची झोप उडवली.

उत्तराचा पाया घातला प्रशियाच्या रेल्वेतील अभियंता ऑगस्ट व्योलर याने. १८५० व १८६०च्या दशकांत त्याने आसांचे नमुने यंत्रावर लाखो वेळा वाकवून पाहिले. त्याचा निष्कर्ष त्या काळाला चक्रावणारा होता: एका धक्क्यात पोलाद जो भार हसतहसत पेलते, त्याहून बराच कमी भार पुन्हापुन्हा पडला तर तेच पोलाद मोडते. म्हणजे महत्त्व केवळ भाराच्या आकाराला नाही, आवर्तनांनाही आहे. पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यातून सूक्ष्म तडा सुरू होतो, प्रत्येक धक्क्यासरशी कणभर पुढे सरकतो, आणि उरलेला भाग अपुरा पडला की एका क्षणी सारे संपते. याला आज ‘धातूचा थकवा’ म्हणतात. शब्द काव्यात्म वाटतो, पण पोलाद विश्रांतीने ताजेतवाने होत नाही.

आता शंभर वर्षे पुढे, लिबियाच्या वाळवंटात.

राल्फ बॅगनोल्ड हा ब्रिटिश लष्करी अभियंता १९२०च्या दशकात इजिप्तमध्ये असताना सुट्टीत फोर्ड गाड्या घेऊन वाळवंट पालथे घालत असे. टायरमधली हवा कमी केली की गाडी मऊ वाळूवर चालते, रेडिएटरची वाफ डब्यात थंड करून पाणी वाचवता येते, अशा युक्त्या त्याने व त्याच्या मित्रांनी अनुभवातून शोधल्या. (वाऱ्याने वाळू कशी वाहते यावरचा त्याचा १९४१चा ग्रंथ पुढे मंगळावरच्या वालुकागिरींच्या अभ्यासालाही उपयोगी पडला, हे जाता जाता.) १९४० साली इटली युद्धात उतरली तेव्हा जनरल वेव्हेलने त्याला शत्रूच्या मागे खोलवर जाणारे पथक सहा आठवड्यांत उभे करायला सांगितले. तेच ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’. पहिल्या तुकड्यांत न्यूझीलंडचे सैनिक होते. अनेक जण शेतकरी, यंत्रांशी खेळणारे. पुढे हिंदुस्थानी घोडदळाच्या रेजिमेंटांमधले स्वयंसेवकही या मोहिमांत सामील झाले आणि ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’ उभे राहिले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

या पथकाकडे खास लष्करी वाहने नव्हती. शेवरले कंपनीचे साधे व्यापारी ट्रक घेऊन त्यांचे दरवाजे, काचा आणि टप काढून टाकले. ट्रक सुमारे दीड टनाचे. त्यांवर पेट्रोल, पाणी, अन्न, मशिनगन, दारूगोळा आणि वायरलेस चढवला की वजन मर्यादेच्या पलीकडे जाई. म्हणून निघण्यापूर्वीच स्प्रिंगमध्ये जादा पाटे घातले गेले. वाळवंट म्हणजे नुसती मऊ वाळू नव्हे; मैलोन्‌मैल धारदार दगडांचे पठारही असते. तिथे प्रत्येक दगड म्हणजे व्योलरच्या यंत्राचे एक आवर्तन.

जवळच्या विहिरीपासून शेकडो मैलांवर पुढचा पाटा तुटणे म्हणजे केवळ गाडी अडणे नव्हे. एक ट्रक सोडला तर त्यावरचे पाणी आणि पेट्रोल उरलेल्या ट्रकांवर चढवायचे, म्हणजे त्यांच्या पाट्यांवर आणखी भार. म्हणूनच तुकडीसोबत तंत्रज्ञ असे, सुटे भाग असत, आणि तळावर दुरुस्तीचा स्वतंत्र विभाग. या पथकाच्या कीर्तीचा बराचसा भाग धाडसी हल्ल्यांना जातो. तो थोडा यू-बोल्ट आवळणाऱ्या हातांनाही जायला हवा. पाटे तुटत, पण ते पान्यांनी सोडवता येत, बदलता येत, उघड्यावर, चाकाखाली दगड लावून.

मग असा गुणी पाटा पुढच्या चाकावरून गेला का? कारण तो आरामदायी नव्हता, आणि वेग वाढल्यावर सुरक्षितही राहिला नाही. दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असल्याने एक उडाले की दुसरे डगमगते. पाटे मऊ करावेत तर ब्रेक दाबताच ते पिळले जात आणि सुकाणू थरथरू लागे. रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅककडे गेलेला इंग्रज अभियंता मॉरिस ऑली याने १९३०च्या दशकारंभी एका मोटारीवर वजने इकडून तिकडे हलवत प्रयोग केले. पुढची स्प्रिंग मागचीपेक्षा मऊ असेल तर बसणाऱ्याला धक्का कमी जाणवतो, असे त्याला आढळले. इतकी मऊ स्प्रिंग अखंड आसावर चालणे अशक्य होते. १९३४च्या जनरल मोटर्सच्या मोटारींत पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्र झाली आणि अनेक मॉडेलांत पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या. पुढे अर्ल मॅकफर्सनने स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात, ‘स्ट्रट’मध्ये, एकत्र केले. १९५०च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात फोर्डच्या कॉन्सल व झेफिर गाड्या या रचनेसह झळकल्या.

व्हॅनने मात्र पाटा सहजी सोडला नाही. १९६५ साली आलेली फोर्ड ट्रान्झिट ब्रिटनच्या छोट्या व्यापाऱ्यांची लाडकी व्हॅन. तिच्या पुढे अखंड आस आणि पाटेच होते. १९८६च्या नव्या ट्रान्झिटमध्ये आखूड गाड्यांना पुढे स्ट्रट व कॉइल मिळाली. व्हॅन मोटारीसारखी चालू लागली, आणि मोटारीसारखीच तिची स्प्रिंग तुटू लागली.

कॉइल म्हणजे एकच तार, वेटोळे घातलेली. भार आला की ती वाकत नाही, पिळली जाते, आणि सर्वाधिक ताण येतो तो पृष्ठभागावर. तडाही तिथूनच सुरू होतो. म्हणून विसाव्या शतकात एक सुंदर उपाय रूढ झाला: स्प्रिंगवर पोलादी छर्ऱ्यांचा मारा करायचा. जनरल मोटर्सचा जे. ओ. आल्मेन याने या माऱ्याची तीव्रता मोजण्याची पद्धत दिली. छर्ऱ्यांमुळे बाहेरचा पातळ थर दाबलेल्या अवस्थेत राहतो आणि तडा उघडू पाहिला तरी तो थर त्याला मिटवून धरतो. या कवचाच्या भरवशावर तारा बारीक करता आल्या, गाड्या हलक्या झाल्या.

पण ते कवच मिलिमीटरच्या अंशाइतके पातळ. खडीने रंग उडतो, खालच्या वेढ्याच्या बैठकीत चिखल साचतो, त्यात हिवाळ्याचे मीठ मुरते. गंज एक बारीकसा खड्डा कोरतो, आणि तो कवचापलीकडे पोहोचला की व्योलरचा जुना हिशेब पुन्हा सुरू. म्हणूनच तुटण्याची जागा बहुधा खालचा वेढा असते. आणि इथे भार वाटून घ्यायला दुसरी पट्टी नसते.

दुरुस्तीही बदलली. कॉइलला लोहार जोड देऊ शकत नाही. वेल्डिंगची उष्णता पोलादाला पाजलेले पाणीच घालवते. जोड शेजारीच तुटतो. स्ट्रट उतरवायचा, स्प्रिंग कॉम्प्रेसरने वेढे आवळून धरायचे, मगच वरचा नट सोडायचा. हा क्रम चुकला तर दाबलेली स्प्रिंग गोळीसारखी सुटते. गॅरेजमध्ये नवख्या मुलाला हे काम एकट्याने देत नाहीत ते यामुळेच. दुसऱ्या बाजूची स्प्रिंग धड दिसत असली तरी तीही बदलतात, कारण तिनेही तेच मीठ आणि तीच आवर्तने सोसलेली असतात. शिवाय नवी-जुनी जोडी गाडी एका अंगाला उचलून धरते.

उतरवलेली कॉइल भंगारात जाते. महाराष्ट्रात ट्रकचा तुटलेला पाटा मात्र अजूनही लोहाराच्या भात्यापाशी येतो. त्याचे पोलाद धार धरते, म्हणून त्याच्या तुकड्यांतून कोयते घडतात, आणि ऊसतोडीच्या हंगामात ते फडात चालतात.