हृदयविकार : व्यायाम आणि वजन

हृदयविकाराच्या रुग्णाने आपला व्यायाम आणि वजन औषधांशी मेळ घालून सांभाळणे हा हृदय-पुनर्वसनाचा भाग आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्याची पद्धत आता मागे पडली असून प्रकृती स्थिर होताच रुग्णाला चालते करतात. हालचाल आणि हृदय यांचा संबंध जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या बसगाड्यांवरून दाखवला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला.

मुंबईच्या उपनगरांत जिन्यांना तोटा नाही. पण अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकाचा पूल गर्दीच्या वेळी दुसऱ्यांच्या वेगाने चढावा लागतो, म्हणून तो व्यायामात धरता येत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला सपाट रस्ता त्याहून बरा. कान्हेरीकडचा चढ मात्र पहिल्या आठवड्यांसाठी नव्हे.

व्यायाम नाडीवरून मोजण्याची रीत अनेक हृदयरुग्णांच्या बाबतीत फसते. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल ही बीटा-ब्लॉकर औषधे नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे २२० मधून वय वजा करून कमाल नाडी काढण्याचे सूत्र निरुपयोगी ठरते. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, एवढा दम पुरे. बीटा-ब्लॉकरनी थकवा येतो आणि काहींचे वजन सुरुवातीच्या महिन्यांत किलो-दीड किलोने वाढते. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात. नायट्रेटने रक्तदाब उतरून उठताना चक्कर येते, म्हणून व्यायाम एकदम न थांबवता हळूहळू आवरता घेतात. छातीत, जबड्यात किंवा हातात दुखू लागले तर मात्र लगेच थांबायचे.

भारतीयांत बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक) २३ पासून वजन जास्त धरतात. कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णाच्या बाबतीत वजनकाटा चरबीइतकेच पाणीही मोजतो. रोज सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी घेतलेले वजन तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले, तर ते साठलेले पाणी असण्याची शक्यता मोठी. तिथे जेवण कमी करून भागत नाही, डॉक्टरांना कळवावे लागते. उलट फ्युरोसेमाइडने झटपट उतरलेले वजन म्हणजे बारीक होणे नव्हे. लोकलच्या लांब प्रवासात स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून ही ‘लघवीची गोळी’ चुकवणारे रुग्ण असतात. गोळी टाळण्याऐवजी तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते. दमट हवेत घाम आणि ही गोळी मिळून पेटके व चक्कर येते, त्यामुळे फिरणे पहाटेच उरकलेले बरे.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवायचे, तर पापड, लोणचे, फरसाण यांना कात्री लागते. कमी सोडियमच्या मिठात मात्र पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन किंवा टेल्मिसार्टन घेणाऱ्याच्या, विशेषतः मूत्रपिंडे दुबळी असणाऱ्याच्या, रक्तात ते धोकादायक पातळीला जाऊ शकते. फेरफटक्यानंतरच्या रोजच्या शहाळ्यालाही हेच लागू. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना पालेभाज्या अचानक वाढवणे किंवा बंद करणे टाळतात, कारण त्यांतील ‘के’ जीवनसत्त्व गोळीचा परिणाम बदलते.

औषधांचा सर्वांत मोठा भार हृदयप्रत्यारोपणानंतर दिसतो. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ मध्ये केलेल्या प्रयत्नात रुग्ण काही तासच जगला होता. ३ ऑगस्ट २०१५ रोजी मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात पुण्याहून आणलेले हृदय यशस्वीपणे बसवण्यात आले. अशा हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात. विश्रांतीतही ते जलद धडधडते आणि व्यायामाला उशिरा साथ देते, म्हणून आधीचा व नंतरचा सौम्य व्यायाम लांबवतात. शरीराने नवे हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने भूक व वजन वाढते, मांड्यांचे स्नायू आणि हाडे मात्र झिजतात. त्यासाठी चालण्याला हलक्या वजनांच्या व्यायामाची जोड देतात. रक्तपुरवठा घटला तरी छातीत दुखेलच असे नसल्याने ठरावीक काळाने अँजिओग्राफी करून रक्तवाहिन्या तपासतात.