न्हाव्याची वाटी: थंड पाण्याच्या हजामतीचा इतिहास

मराठी मुलखात हजामत पिढ्यान्‌पिढ्या थंड पाण्यानेच होत आली. गावचा न्हावी धोकटीतून पितळेची वाटी काढी, आडातून नुकत्याच शेंदलेल्या किंवा रांजणातल्या पाण्याने ती भरून घेई आणि कामाला लागे. साबण नसे, ब्रश नसे, दाढीसाठी चुलीवर आधण चढत नसे. ही केवळ गरिबीची खूण मानली तर बरेच काही नजरेतून सुटते. हजामत कुठे व्हायची, दिवसाच्या कोणत्या वेळी व्हायची, कोणाचे पाणी कोणाला चालायचे या साऱ्या गोष्टींनी ते पाणी थंड ठेवले होते. पाण्यातल्या उबेची उणीव न्हावी बोटांच्या मेहनतीने भरून काढी.

हजामतीत पाण्याचे मोल किती, हे मराठी भाषेनेच नोंदवून ठेवले आहे. एखाद्याला सपाटून झापले किंवा पुरते लुबाडले की त्याची ‘बिनपाण्याने हजामत’ झाली असे म्हणतात. कोरड्या गालावर वस्तरा फिरला की काय होते, ते ज्याने सोसले त्यालाच हा शब्दप्रयोग सुचू शकतो. गरम पाण्यावाचून झालेल्या हजामतीबद्दल मात्र मराठीत तक्रारीचा एकही वाक्प्रचार रुळलेला नाही. पाणी हवे, एवढीच अट होती. ‘न्हावी’ या शब्दातही पाणीच आहे. पालीत त्याला ‘नहापित’ म्हणतात, म्हणजे न्हाऊ घालणारा. बुद्धाचा शिष्य उपाली हा असाच नहापित होता. ‘हजामत’ हा शब्द मूळचा अरबी. तिकडे त्याचा अर्थ तुंबडी लावून रक्त काढणे असा होतो. ‘वस्तरा’ फारसी ‘उस्तुरा’पासून आला. न्हावी हा दाढीबरोबर तुंबड्या लावणाराही होता, म्हणूनच रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावतो ही म्हण जन्मली.

जुन्या ग्रंथांत गरम पाणी अजिबात नाही असे मात्र नाही. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातले अडुसष्टावे सूक्त क्षौराचे आहे. त्यात सविता वस्तरा घेऊन येतो आणि वायूला ऊन पाणी घेऊन येण्याची विनंती केली जाते. आश्वलायन गृह्यसूत्रात जावळ काढण्याचा विधी आहे. तिथे थंड आणि ऊन पाणी एकत्र करतात आणि त्या पाण्याबरोबर लोणी किंवा दह्याचे थेंब घेऊन मुलाचे डोके तीनदा भिजवतात. केस मऊ करण्यासाठी कोमट पाणी आणि वर स्निग्ध पदार्थ हे आजच्या दाढीच्या क्रीमचेच तत्त्व झाले. पण हा संस्कार आयुष्यातून एकदा, घरच्या अग्नीपाशी आणि कोवळ्या टाळूवर व्हायचा. नेहमीच्या हजामतीचा प्रसंग वेगळा होता. चरकाने पंधरवड्यातून तीनदा केस, दाढी आणि नखे काढावीत असे सांगितले आहे. पाण्याबद्दलचा इशारा वाग्भटाने दिला. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात तो म्हणतो की ऊन पाणी मानेखालच्या अंगावर घेतले तर बळ येते, पण तेच डोक्यावर घेतले तर केसांचे आणि डोळ्यांचे बळ जाते. हा नियम स्नानाचा आहे, दाढीचा नव्हे. तरी डोक्याला गरम पाणी नको ही समजूत ज्या समाजात मुरली होती, तिथे डोई करताना थंड पाणी कोणाला खटकण्याचे कारण नव्हते.

खरे कारण घराच्या रचनेत आणि दिनक्रमात सापडते. आज दाढी अंघोळीनंतर करावी असे सांगतात, कारण अंघोळीच्या गरम पाण्याने केस मऊ झालेले असतात. जुन्या मराठी घरात हा क्रम नेमका उलटा होता. क्षौर झाले की अंगाला विटाळ आला. स्नान केल्याशिवाय माणूस घरात शिरत नसे, देवाला शिवत नसे, पानावर बसत नसे. म्हणून हजामत आधी आणि अंघोळ नंतर. न्हाणीच्या चुलीवर हंडा तापत असे, पण ते पाणी हजामत झाल्यानंतरचे. न्हावी बसायचा अंगणात, पडवीत, ओट्याच्या कडेला किंवा गावच्या पारावर. स्वयंपाकघरातले आणि न्हाणीतले पाणी सोवळ्याचे; त्यातले ऊन पाणी न्हाव्याच्या वाटीत ओतायला कोणी बाहेर येत नसे. ज्या पाण्याने हजामत व्हायची ते घराच्या उंबऱ्याबाहेरचेच पाणी होते.

त्याला बलुत्याच्या व्यवहाराचीही जोड होती. न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाची सेवा करायची आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घ्यायचे, अशी त्याची बांधणी होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आहे. प्रत्येक दाढीचे पैसे वेगळे मिळत नव्हते आणि प्रत्येक घरी दाढीसाठी जळण खर्ची घालावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. गोवऱ्या आणि काटक्या भाकरीसाठी जपून वापरायच्या असत. शिवाय दाढी रोजची नव्हती. शनिवार, मंगळवार, अमावस्या असे वर्ज्य दिवस पाळून आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा न्हाव्याची फेरी व्हायची. वाढलेल्या दाढीला एकदाच भरपूर पाणी चोळावे लागे, आणि त्यासाठी आड जवळ होता.

क्षौराचे दुसरे मोठे ठिकाण म्हणजे नदीकाठ. नाशिकला रामकुंडावर, पैठणला गोदावरीच्या घाटावर, तसेच इतर तीर्थांच्या ठिकाणी यात्रेकरूंचे आणि सुतक फेडणाऱ्यांचे मुंडण वाहत्या पाण्याजवळ होत आले. तिथे पाणी तापवण्याचा विचारही संभवत नाही. तीर्थाचे पाणी नदीत असते तसेच वापरायचे.

याच थंड पाण्याशी आणि वस्तऱ्याशी या प्रदेशाच्या इतिहासातल्या दोन फार मोठ्या वेदना बांधलेल्या आहेत. पहिली विधवांच्या केशवपनाची. नवरा गेलेल्या, कित्येकदा वयात न आलेल्या मुलीला परसदारी न्हाव्यापुढे बसवले जाई आणि पुढे आयुष्यभर ठरावीक दिवसांनी हेच घडे. हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीने हे दुःख घरोघरच्या वाचकांपर्यंत नेले. पण ज्यांच्या हाताने हे काम करवून घेतले जात होते, त्या न्हाव्यांनीही आवाज उठवला. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला. पोटाचा धंदा असणाऱ्या माणसांनी धंद्यातल्याच एका कामाला नकार दिला, ही गोष्ट मराठी सामाजिक इतिहासात ठळकपणे मांडली गेली पाहिजे. दुसरी वेदना अस्पृश्यतेची. गावचा न्हावी सगळ्यांची हजामत करीत असे हे विधान खोटे आहे. अस्पृश्य ठरवलेल्या जातींना त्याची वाटी आणि वस्तरा वर्ज्य होता. साताऱ्यात न्हाव्यांची उणीव नव्हती, पैसे द्यायचीही ऐपत होती, तरी आपल्या घरातल्या मुलांचे केस थोरली बहीण कापत असे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

आता त्या कसबाकडे वळले पाहिजे, कारण थंड पाण्याची हजामत टिकली ती त्याच्याच बळावर. न्हावी गिऱ्हाइकासमोर उकिडवा बसे. थंडीच्या दिवसांत गिऱ्हाइकाला कोवळ्या उन्हाकडे तोंड करून बसवी आणि मांडीवर किंवा गळ्याभोवती फडके टाकी. वाटीत उजव्या हाताची बोटे बुडवून तो पाणी आधी गालफडावर, मग हनुवटीखाली, शेवटी ओठावर चोळू लागे. हे नुसते ओले करणे नसे. बोटांची टोके केसांच्या उलट दिशेने, गोल गोल, दाब देत फिरत. पाणी सुकले की पुन्हा बोटे वाटीत जात. गावातल्या खबरी याच वेळात सांगून होत, आणि त्या गप्पांत केस भिजायला लागणारा वेळ आपोआप मिळे. दाढीचे खुंट बोटांना टोचेनासे झाले, की मग वस्तरा उघडायचा. तो दगडावर घासलेला असे. शेवटची धार चामड्याच्या पट्ट्यावर किंवा थेट तळहातावर लावली जाई. डाव्या हाताचा अंगठा कातडी ताणून धरी आणि पाते तिरपे टेकवून लहान लहान ओढींनी चाले. काम झाल्यावर तुरटीचा खडा ओला करून फिरवला की बारीक चिरा बंद होत. मग आरसा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. नखे काढायची नराणी, कातर, चिमटा हे सारे त्याच धोकटीत असे.

या चोळण्याला शास्त्राचा आधार आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो ताठ आणि चिवट असतो; पाणी शोषले की फुगतो, मऊ होतो आणि तो कापायला खूपच कमी जोर लागतो. मऊपणा येतो तो पाण्यामुळे. उष्णतेने पाणी केसात लवकर शिरते आणि कातडीवरचा तेलकट थर सुटतो, त्यामुळे हे काम लवकर उरकते एवढेच. थंड पाण्याला जास्त वेळ द्यावा लागतो, आणि न्हावी तो देत होता. थंडाव्याने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून कापले तरी रक्त कमी येते आणि दाढीनंतरची आग कमी वाटते. ज्यांची कातडी गरम पाण्याने लाल होते अशी माणसे आजही थंड पाणी पसंत करतात, त्याचे कारण हेच. मात्र घाई केली किंवा धार बोथट असली, तर थंड पाणी चूक झाकत नाही. जुन्या हजामतीत डोळ्यांत पाणी यायचे, ते न्हाव्याने चोळण्यात कसर केली म्हणून.

गरम पाणी दाढीत शिरले ते साबणाचे बोट धरून. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेले विहिरीचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाला फेस येत नाही, नुसता चिकट साका जमतो. पाणी उकळले की या क्षारांचा काही भाग तळाशी बसतो. बंबाच्या आत साठणारा पांढरा थर तोच. साध्या पाण्याने चोळणाऱ्या न्हाव्याला जडपणाचे काही देणेघेणे नव्हते. साबणाच्या वडीवर ब्रश फिरवून फेस काढणाऱ्या माणसाला मात्र ऊन पाणी लागू लागले.

हा माणूस म्हणजे स्वतःची दाढी स्वतः करणारा नोकरदार. पूर्वी स्वतःच्या हाताने क्षौर करण्याची रीत नव्हती. विलायतेला गेलेले लोक निदान स्वतःची दाढी करायला तरी शिकून येतात, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे. पुढे किंग कॅम्प जिलेटच्या पातळ पात्याच्या रेझरने हे शिकणे सोपे केले. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली; पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने एकदम ३५ लाख रेझर मागवले. कचेरी, शाळा, रेल्वे यांच्या वेळापत्रकाने दाढी रोजची झाली. शहरातल्या मराठी घरांत खिडकीला आरसा टांगला गेला आणि सकाळी ‘दाढीला पाणी द्या’ अशी हाक ऐकू येऊ लागली. बंबातून किंवा चहाच्या आधणातून काढलेले ते पेलाभर ऊन पाणी. अंघोळीआधी दाढी हा जुना क्रम मात्र तसाच राहिला. विटाळाची कल्पना मागे पडली तरी सवय गेली नाही.

न्हावी पारावरून उठून दुकानात आला, धान्याऐवजी रोख पैसे घेऊ लागला, दुकानावर ‘केशकर्तनालय’ अशी पाटी लागली. त्याने ब्रश आणि साबण घेतला, पण पाणी तापवण्याची व्यवस्था फारच थोड्या दुकानांत आली. एड्सच्या भीतीने गिऱ्हाईक नव्या पात्याचा आग्रह धरू लागले, तेव्हा धार लावायच्या वस्तऱ्याची जागा अर्धे ब्लेड अडकवायच्या वस्तऱ्याने घेतली. धारेचा दगड आणि चामड्याचा पट्टा नाहीसा झाला. वाटीच्या जागी दट्ट्या दाबून फवारा मारायची प्लॅस्टिकची बाटली आली. तालुक्याच्या गावातल्या सलूनमध्ये आज गिऱ्हाईक खुर्चीत मान मागे टाकते, तेव्हा गालावर आधी त्या बाटलीतले नळाचे थंड पाणी पडते आणि कारागिराची बोटे ते केसांच्या उलट दिशेने चोळू लागतात.