विश्लेषण : महासत्तेचा छोटा शेजारी कसा टिकतो? फिनलंड-रशिया संबंध काय सांगतात?

फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी 'नाटो' या लष्करी संघटनेचा ३१ वा सदस्य झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर सुमारे पाऊणशे वर्षे हा देश लष्करी गटांपासून कटाक्षाने दूर राहिला होता. शेजारच्या महासत्तेला आपली भीती वाटू नये, हे त्याच्या परराष्ट्र धोरणाचे मुख्य सूत्र होते. ते सूत्र कसे तयार झाले, त्याची किंमत काय होती आणि ते का सोडावे लागले, याचा हा आढावा.

लेनिनग्राडची चिंता काय होती?

फिनलंड १८०९ पासून रशियन साम्राज्याचा भाग होता. डिसेंबर १९१७ मध्ये तो स्वतंत्र झाला. नवी सीमा लेनिनग्राडपासून (आजचे सेंट पीटर्सबर्ग) जेमतेम ३२ किलोमीटरवर होती. हे अंतर साधारण चर्चगेट ते बोरिवली एवढेच. सोव्हिएत संघाचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर परदेशी तोफांच्या जवळपास टप्प्यात होते. सुमारे ३७ लाख लोकसंख्येचा फिनलंड स्वतः हल्ला करेल, असे स्टालिनलाही वाटत नव्हते. जर्मनीसारखी मोठी सत्ता फिनलंडच्या भूमीचा वापर करेल, ही मॉस्कोची खरी भीती होती.

वाटाघाटी का फिसकटल्या?

१९३९ च्या शरद ऋतूत मॉस्कोने कॅरेलियातील सीमा मागे सरकवण्याची, फिनलंडच्या आखातातील काही बेटांची आणि हांको बंदर भाड्याने देण्याची मागणी केली. त्या बदल्यात जवळपास दुप्पट क्षेत्रफळाचा भूभाग देऊ केला. कागदावर हा सौदा वाईट नव्हता. पण मागितलेल्या पट्ट्यातच फिनलंडची संरक्षक तटबंदी होती. ती सोडल्यावर पुढची मागणी कशाच्या बळावर नाकारायची, हा हेलसिंकीपुढचा प्रश्न होता.

बोलणी फिसकटली आणि ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसल्या. हेच 'हिवाळी युद्ध'. साडेतीन महिन्यांत फिनलंडचे सुमारे २५ हजार सैनिक मारले गेले. सोव्हिएत बाजूची हानी त्याच्या कित्येक पट होती. मार्च १९४० च्या तहात फिनलंडने सुमारे दहा टक्के भूभाग गमावला आणि चार लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले.

याचा परिणाम उलटा झाला. गमावलेला भाग परत मिळवण्यासाठी १९४१ मध्ये फिनलंड जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला आणि लेनिनग्राडच्या वेढ्याची उत्तरेकडची बाजू त्याच्याच सैन्याने धरली. ज्या धोक्यापासून वाचण्यासाठी मॉस्कोने हल्ला केला, तो त्या हल्ल्यामुळेच प्रत्यक्षात आला.

१९४८ चा करार वेगळा कसा होता?

सप्टेंबर १९४४ च्या शस्त्रसंधीनंतर फिनलंडला ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई आणि हेलसिंकीजवळचा पोर्क्कला हा नौदल तळ द्यावा लागला. फेब्रुवारी १९४८ मध्ये स्टालिनने हंगेरी व रुमानियाच्या धर्तीवर करार करण्याचे पत्र पाठवले. अध्यक्ष पासिकिवी यांच्या सरकारने तो मसुदा तसाच स्वीकारला नाही.

एप्रिलमध्ये झालेल्या मैत्री, सहकार्य व परस्पर साहाय्य करारात फिनलंडने एक मर्यादित हमी दिली. जर्मनीने किंवा तिच्या मित्रराष्ट्राने फिनलंडवर किंवा फिनलंडमार्गे सोव्हिएत संघावर हल्ला केला, तर फिनलंड स्वतःच्या हद्दीत लढेल. सोव्हिएत मदत लागलीच, तर ती दोघांच्या संमतीने येईल. बड्या सत्तांच्या संघर्षाबाहेर राहण्याची फिनलंडची इच्छाही करारात नोंदवली गेली. म्हणजे मॉस्कोची भीती कमी करायची, पण परकी फौज दारात घ्यायची नाही. निवडणुका, खासगी उद्योग आणि स्वतःचे सैन्य, हे सारे टिकले. पोर्क्कलाही १९५६ मध्ये परत मिळाले.

'फिनलंडीकरण' हा शब्द का आला?

कारण या शांततेची किंमत देशांतर्गत राजकारणात मोजावी लागली. १९४७ मध्ये फिनलंडने अमेरिकेची मार्शल योजनेची मदत नाकारली. १९५८ मध्ये मॉस्कोला न रुचणारे सरकार आले, तेव्हा सोव्हिएत राजदूत मायदेशी गेले, व्यापारविषयक बोलणी थांबली आणि काही महिन्यांतच सरकार पडले. ऑक्टोबर १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीचा धोका पुढे करून मॉस्कोने लष्करी सल्लामसलतीची मागणी केली. अध्यक्ष केक्कोनेन यांनी नोव्होसिबिर्स्कला जाऊन ख्रुश्चेव्ह यांची भेट घेतल्यावर ती मागणी मागे पडली. दरम्यान केक्कोनेन यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी निवडणुकीतून बाजूला झाले होते.

लोक बोलताना, लिहिताना स्वतःच सावध राहू लागले. सोल्झेनित्सिन यांच्या 'गुलाग आर्किपेलागो'च्या पहिल्या खंडाची फिनिश आवृत्ती १९७४ मध्ये स्वीडनमध्ये छापावी लागली. मोठ्या शेजाऱ्याच्या मर्जीचा अंदाज घेत स्वतःच्या निर्णयांना मुरड घालणे, याला पश्चिम जर्मनीतील टीकाकार 'फिनलंडीकरण' म्हणू लागले.

२०२२ मध्ये काय बदलले?

सोव्हिएत संघ कोसळल्यावर जुना करार संपला आणि १९९५ मध्ये फिनलंड युरोपीय संघात गेला. नाटोपासून मात्र तो दूरच राहिला. सदस्यत्वाचा पर्याय हाताशी आहे, एवढेच सरकारे सांगत. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने नाटोचा विस्तार थांबवण्याची लेखी हमी मागितली. ती मान्य झाली असती, तर फिनलंडचा हा पर्यायच गेला असता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि वर्षानुवर्षे अल्पमतात असलेला नाटोचा आग्रह बहुमताचा झाला. १७ मे रोजी संसदेने १८८ विरुद्ध ८ मतांनी सदस्यत्वाच्या अर्जाला पाठिंबा दिला. सुमारे १,३४० किलोमीटरच्या फिनिश सीमेमुळे रशिया व नाटो यांची समाईक भूसीमा दुपटीहून अधिक झाली.

यातून काय दिसते?

महासत्तेची सुरक्षेची चिंता खोटीच असते असे नाही. लेनिनग्राडचे ३२ किलोमीटर खरे होते. मात्र ती चिंता किती आश्वासनांनी मिटेल, हे ठरवण्याचा अधिकार महासत्तेने स्वतःकडेच ठेवला, की छोट्या देशापुढे दोनच मार्ग उरतात : झुकत राहणे किंवा दुसऱ्या बड्या सत्तेचा आधार शोधणे. १९४८ च्या करारात मागण्यांना मर्यादा होती आणि तो चार दशके टिकला. १९३९ आणि २०२२ मध्ये बळाचा वापर झाला, तेव्हा दोन्ही वेळा फिनलंड मॉस्कोच्या विरोधकांकडे वळला.