हंगामी श्वसनविकारांचे सर्वेक्षण : दिवा आणि ठाणे–कल्याण परिसर

सर्दी, ताप, खोकला, न्यूमोनिया यांचे रुग्ण वर्षाच्या कोणत्या काळात वाढतात, ती वाढ नेहमीची आहे की साथीची, आणि तिच्यामागे कोणता विषाणू आहे, हे दवाखाने, रुग्णालये व प्रयोगशाळांच्या नोंदींवरून सतत पाहत राहणे म्हणजे हंगामी श्वसनविकारांचे सर्वेक्षण.

अशा नोंदींचे मोल या प्रदेशाने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे. 10 जून 1918 रोजी मुंबईच्या पोलीस रुग्णालयात सात शिपाई तापाने दाखल झाले; त्यांपैकी एक गोदीत पहाऱ्यावर होता. त्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाची ही मुंबईतील पहिली ठळक नोंद. पुढे ती साथ रेल्वेमार्गांनी देशभर पसरली. 2009 मध्ये स्वाइन फ्लूचा भारतातील पहिला मृत्यू 3 ऑगस्टला पुण्यात झाला, तेव्हा मात्र तपासणीसाठी पुण्यातच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था होती आणि नोव्हेंबर 2004 पासून चालू असलेला एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमही होता.

या कार्यक्रमात तीन पातळ्यांवरून माहिती येते. आरोग्यसेविका लक्षणे नोंदवतात, डॉक्टर संभाव्य निदान नोंदवतात आणि प्रयोगशाळा खात्रीचे निदान कळवते. सोमवार ते रविवार असा आठवडा धरतात. एप्रिल 2021 पासून ही माहिती देशभर संगणकीय मंचावर भरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार 38 अंश सेल्सियस किंवा अधिक ताप, खोकला आणि दहा दिवसांच्या आत सुरू झालेला आजार असेल, तर रुग्ण ‘आयएलआय’ म्हणजे फ्लूसदृश आजाराचा ठरतो. त्यालाच दाखल करावे लागले, तर ‘सारी’चा, म्हणजे तीव्र श्वसनसंसर्गाचा. तापाची ही अट दिव्यात विशेष उपयोगी आहे. येथे ठाण्याचा कचरा अनेक वर्षे टाकला जात होता आणि त्याला आगीही लागत. धुराने येणारा खोकला त्रासदायक असतो, पण या अटीमुळे तो साथीच्या आकड्यात मिसळत नाही.

नुसत्या रुग्णसंख्येपेक्षा तपासलेल्या स्वाबांपैकी शेकडा किती बाधित निघाले, हे प्रमाण अधिक भरवशाचे. बातम्यांमुळे घाबरून जास्त लोक तपासणीला आले, तर बाधितांचा आकडा वाढतो. प्रमाण त्याच चालीने वाढेलच असे नाही. तुलनाही मागच्या आठवड्यापेक्षा मागील वर्षांच्या त्याच आठवड्यांशी करावी लागते. श्रीनगरात इन्फ्लुएंझाचा जोर जानेवारी ते मार्च असतो, तर महाराष्ट्रात मुख्य लाट पावसाळ्यात येते. हिवाळ्याच्या शेवटी दुसरा, बहुधा लहान चढ दिसतो. 2023 च्या मार्चमध्ये मात्र इन्फ्लुएंझाच्या एच3एन2 प्रकाराने तोही मोठा केला. फ्लूची लस येथे पावसाळ्यापूर्वी घेणे सोयीचे, ते मुख्य लाट पावसाळ्यात येते म्हणूनच.

दिव्याचा आलेख वाचणे यापेक्षा अवघड आहे. दिवा हे रेल्वे जंक्शन ठाणे महापालिकेच्या हद्दीत आहे, पण पुढचीच स्थानके कोपर आणि डोंबिवली ही कल्याण-डोंबिवली महापालिकेत मोडतात. दिव्याचा रुग्ण प्रथम गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे जातो. आजार वाढला की कोणी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, तर कोणी डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात पोहोचतो. खासगी दवाखान्यातली भेट बहुतेक वेळा कोणत्याच तक्त्यात चढत नाही, आणि मोठ्या रुग्णालयातली नोंद पत्ता न पाहता मोजली, तर ती त्या रुग्णालयाच्या शहराच्या खात्यावर जाते. अशा वेळी दिव्यात साथ असूनही आकडा कमी दिसतो. गणेशोत्सवात तर दिवा–सावंतवाडीसारख्या गाड्यांनी येथील असंख्य कुटुंबे कोकणात जातात. त्या आठवड्यातली ओपीडीची घट म्हणजे आजार ओसरला असे समजणे चुकीचे. ती माणसे गर्दीच्या प्रवासातून परतल्यानंतरचे दोन आठवडे अधिक लक्षपूर्वक पाहायला हवेत.

येथील पहिली गरज नव्या यंत्रांची नाही. केसपेपरवर सध्या राहण्याचा पत्ता आणि लक्षणे सुरू झाल्याची तारीख या दोन गोष्टी नेमकेपणाने लिहिल्या जाव्यात, खासगी डॉक्टरांकडून आठवड्याचे आकडे यावेत आणि दोन्ही महापालिकांनी पत्त्यानुसार ते एकमेकींना द्यावेत. तोपर्यंत दिव्याचा कमी आकडा हा तेथे आजार कमी असल्याचा पुरावा मानता येत नाही.